मिशनच्या युवा शिबिराला बहिणीला पाठवावं का? हा पैसा कुठून येतो?

तुमचं गाव अक्कलकुवा तालुक्यात, तुम्ही नोकरीला नाशिकला, आणि बारावी झालेली धाकटी बहीण कॅथलिक मिशनच्या युवा शिबिराला जायचं म्हणते. पैसा परदेशातून येतो म्हणून घरचे घाबरलेत. उद्या जमातीचा दाखला अडेल का, हीही भीती आहे. मी पावरा आदिवासी, ख्रिस्ती नाही. धडगाव-मोलगी भागात शिक्षक होतो आणि तिथल्या सिस्टरांबरोबर बचत गटांचं काम केलंय, म्हणून लिहितो.

दाखल्याचं आधी. अनुसूचित जमातींच्या १९५० च्या आदेशात धर्माची अट नाही. अनुसूचित जातींच्या आदेशात ती आहे, म्हणून लोकांची गल्लत होते. हे बदला, धर्म बदललेल्या आदिवासींना यादीतून काढा, अशी डीलिस्टिंगवाल्यांची मागणी जोरात आहे, ती वेगळी गोष्ट. आणि शिबिराला गेल्याने कोणाचा धर्म बदलत नाही.

हे शिबिर नक्की कोणाचं, तेही विचारून घ्या. आपल्याकडे सगळ्यांनाच मिशन म्हणतात. चिंचपाड्याचा जुना मिशन दवाखाना प्रॉटेस्टंट लोकांचा. कॅथलिकांचा कारभार नाशिक धर्मप्रांतातून चालतो, तो १९८७ मध्ये पुण्यापासून वेगळा झाला.

आता पैसा. जर्मनीतल्या कॅथलिक बिशपांनी १९५८ मध्ये मिझेरिओर नावाची संस्था काढली. ईस्टरच्या आधीच्या उपवासकाळात तिथल्या चर्चमध्ये जमणारं दान आणि जर्मन सरकारचा विकासनिधी, या दोन्हींवर ती चालते. तिचा पैसा शेती, पाणी, आरोग्य, हक्क अशा कामांना मिळतो आणि तो धर्म पाहून देत नाहीत. मिस्सिओ ही तिथलीच दुसरी संस्था. ऑक्टोबरातल्या मिशन रविवारचं दान तिच्याकडे येतं आणि ते चर्चच्या स्वतःच्या कामाला जातं: धर्मशिक्षकांचं प्रशिक्षण वगैरे. यालाच पाळकीय काम म्हणतात. म्हणून फादरांना सरळ विचारा, शिबिर पाळकीय आहे की विकासाचं? पाळकीय असेल तर प्रार्थना, बायबल, मिस्सा (कॅथलिकांची मुख्य उपासना) असणारच. त्यांनी ते आधी स्पष्ट सांगावं, एवढा तुमचा हक्क आहे.

पैसा चोरून येतो असं समजू नका. परदेशी निधीला गृह मंत्रालयाची नोंदणी लागते, ती पाच वर्षांची असते आणि दरवर्षी हिशोब द्यावा लागतो. २०२० च्या दुरुस्तीनंतर हा निधी दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या एकाच शाखेत उतरतो आणि एका संस्थेला तो दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही. मोठ्या संस्थेकडून पाड्यावरच्या लहान गटाला मिळणारी मदत त्यामुळे बंद झाली, याचं मला फार वाईट वाटतं.

कार्यक्रम चांगला की नाही, हे मी एकाच गोष्टीवरून ठरवतो. त्या लोकांना आपलं वर्ष कळतं का? दिवाळी झाली की आपली कुटुंबं ऊसतोडीला बारडोलीकडे निघतात, लेकरं एकतर बरोबर नाहीतर म्हाताऱ्यांपाशी. मधे भोंगऱ्या बाजाराला, होळीला येतात. जानेवारीत कुटुंब मेळावा ठेवला तर पाड्यावर भेटणार कोण? तरी अहवालात मेळावा पार पडतो. मी ज्या सिस्टरांबरोबर होतो त्या पेरण्या उरकल्यावर, भर पावसात चिखल तुडवत यायच्या. पावरी बोलायच्या. नवरा-बायकोला शेजारी बसवून मुकादमाकडून घेतलेल्या आगाऊ रकमेचा, म्हणजे उचलीचा हिशोब मांडायच्या: उचल किती घेतली, कोयत्यामागे (म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीमागे) किती टन ऊस तोडला, वजन कोणी लिहिलं, फिटलं किती. नवऱ्याची दारू, पोरीचं लवकर ठरवलेलं लग्न, देजाचे (मुलीच्या घरी द्यायचे) पैसे, सगळं त्या हिशोबातून आपोआप बाहेर यायचं. संसारावर प्रवचन दिलं असतं तर बायका मान खाली घालून बसल्या असत्या. इथे त्या नवऱ्याला अडवून आकडा दुरुस्त करायच्या. कुटुंबासाठीचं याहून मोलाचं काम मी पाहिलेलं नाही.

तरुणांच्या शिबिरातही हेच बघा. वनहक्काचा दावा, पेसा (आदिवासी भागातल्या ग्रामसभेला अधिकार देणारा कायदा) आणि ग्रामसभा, सिकलसेलची तपासणी, पुढच्या शिक्षणाची शिष्यवृत्ती, यातलं काही आहे का? आणि याहामोगी, वाघदेव या आपल्या देवांना कोणी सैतान म्हणत असेल तर बहिणीने तिथल्या तिथे उठून यावं. इतर धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे ते आम्ही नाकारत नाही, असं कॅथलिक चर्चनेच १९६५ च्या घोषणापत्रात म्हटलंय. फादरांना त्याची आठवण करून द्यायला लाजू नका.

बहीण अठराची झाली असेल तर निर्णय तिचा. तुम्ही फक्त मुक्कामाची जागा, मुलींसोबत राहणाऱ्या सिस्टरचा नंबर आणि परतीची तारीख लिहून घ्या. ती तारीख नर्सिंग किंवा कॉलेजच्या प्रवेशाच्या दिवसांत येत असेल तर आधी प्रवेश घेऊ द्या, शिबिर पुढच्या सुट्टीत.