‘ह्यांना कशाला तपासायचं? ह्यांना तर काहीच त्रास नाही!’

“लग्नाला तीन वर्षं झाली. माझी सोनोग्राफी झाली, रक्त तपासून झालं, नळ्यांचा एक्स-रे झाला. सगळं नॉर्मल. चार महिने बीज तयार होण्याच्या गोळ्या घेतल्या, तरी दिवस जात नाहीत. आता डॉक्टर ह्यांचं वीर्य तपासायला सांगतात. पण ह्यांना कशाला? संबंधात कधी अडचण नाही, तब्येत तर बघण्यासारखी.”

विचारणारी 29 वर्षांची, नवरा 33चा. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. प्रश्न मात्र घरोघरचा आहे, आणि त्यापायी बायकांना विनाकारण किती गोळ्या-इंजेक्शनं सोसावी लागतात हे पाहून वाईट वाटतं. मूल न होणाऱ्या जवळपास निम्म्या जोडप्यांमध्ये पुरुषाकडचं कारण असतं, कधी एकटं, कधी स्त्रीकडच्या कारणाच्या जोडीला.

संबंध नीट होतात म्हणजे शुक्राणूही ठीक, हा समज पुरुषाच्या शरीरालाच लागू पडत नाही. ताठरता हे रक्तवाहिन्या आणि मज्जातंतूंचं काम. शुक्राणू तयार होतात वृषणांतल्या बारीक नलिकांमध्ये. एक सुरळीत असताना दुसरं बंद पडलेलं असू शकतं. वीर्याकडे बघूनही काही कळत नाही, कारण त्यातला सुमारे दोन तृतीयांश द्रव शुक्राशयांतून येतो आणि उरलेल्यातला बराचसा प्रोस्टेटमधून. शुक्राणूंचा वाटा पाच टक्क्यांच्या आसपास, बहुधा त्याहूनही कमी. नसबंदी झालेल्या पुरुषाचं वीर्य डोळ्यांना वेगळं दिसत नाही, ते यामुळेच.

स्त्रीचं शरीर दर महिन्याला खबर देतं. पाळी नियमित असेल तर बहुतेक वेळा बीज फुटत असतं. ती दोन-दोन महिने लांबली तर काहीतरी बिनसलंय हे घरात कळतं. पुरुषाला अशी मासिक खूण नाही. म्हणून ‘त्रास नाही’ हे त्याच्या बाबतीत उत्तर होऊ शकत नाही, तपासणीच करावी लागते. तीही किती सोपी! बीजाशय पोटात खोल आणि बीजवाहिन्या जेमतेम 10-12 सेंटिमीटरच्या, नाजूक. त्या उघड्या आहेत का हे बघायला गर्भाशयात औषध सोडून एक्स-रे काढावे लागतात, आणि ते दुखतं. पुरुषाला एका डबीत नमुना द्यायचा असतो. खरं तर ही तपासणी तिच्या तपासण्यांबरोबरच, पहिल्याच भेटीत व्हायला हवी.

नमुन्यात चुका मात्र बऱ्याच होतात. आधी किमान 2 आणि जास्तीत जास्त 7 दिवस वीर्यपात झालेला नसावा. ‘महिनाभर थांबलो, भरपूर साठलं असेल’ असं सांगणारे भेटतात. उलट जास्त थांबल्याने मेलेल्या शुक्राणूंचं प्रमाण वाढतं. साबण, तेल, थुंकी, नेहमीचा निरोध यांतलं काहीही चालत नाही. सर्वाधिक शुक्राणू पहिल्या थेंबांत असतात. ते सांडले असतील तर तसं सांगायचं. घरून आणणार असाल तर डबी अंगाजवळच्या खिशात ठेवून अर्ध्या तासात, फार तर तासाभरात लॅबमध्ये पोचवायची.

या नवऱ्याचा आकडा आला प्रति मिलिलिटर 20 लाख. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021च्या पुस्तिकेत खालची मर्यादा 1 कोटी 60 लाख आहे. एका रिपोर्टवर निकाल देत नाहीत, म्हणून पुन्हा तपासलं. दुसराही तसाच.

अशा वेळी पुरुषाशी एकट्याने बोलावं लागतं. ‘जिममध्ये काही घेता का’ असं विचारलं की उत्तर येतं, प्रोटीन. इंजेक्शनांचं वेगळं, थेट विचारायचं. तसं विचारल्यावर कळलं, की ट्रेनरच्या सांगण्यावरून तो दहा महिने टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं घेत होता. म्हणजे ती बघण्यासारखी तब्येतच इथे कारणाशी जोडलेली होती.

पुरुषाचं हार्मोन घेऊन शुक्राणू कमी कसे होतील, हे त्याला पटेना. मेंदूतली पियूष ग्रंथी एफएसएच आणि एलएच ही बीजाशयांना आणि वृषणांना कामाला लावणारी दोन हार्मोन्स स्त्री-पुरुष दोघांमध्येही तयार करते. स्त्रीमध्ये त्यांची पातळी महिन्याच्या चक्रात वरखाली होते, पुरुषात साधारण एकसारखी राहते. बाहेरून टेस्टोस्टेरॉन आलं की ग्रंथी समजते, पुरेसं आहे, आणि ही दोन्ही थांबवते. मग वृषणाच्या आत स्वतःचं टेस्टोस्टेरॉन बनत नाही. शुक्राणूंसाठी तिथे ते रक्तातल्यापेक्षा कित्येक पटींनी जास्त लागतं, इंजेक्शनाने ती पातळी गाठता येत नाही. गर्भनिरोधक गोळी बीज फुटणं थांबवते तो हाच लगाम. रक्तात त्याचं एफएसएच आणि एलएच जवळपास शून्य निघालं.

इंजेक्शनं थांबवली, तीही डॉक्टरांच्या देखरेखीखाली, कारण सोडल्यावर काही महिने मरगळ येते, इच्छा कमी होते आणि घाबरून माणूस पुन्हा सुरू करतो. हे दिवस बायकोला माहीत असलेले बरे; त्याच्या संमतीने तिला सांगितलं.

एक शुक्राणू तयार व्हायला सुमारे 74 दिवस लागतात, पुढे पक्व होऊन बाहेर यायला आणखी दोनेक आठवडे. म्हणजे आजचा रिपोर्ट तीन महिन्यांपूर्वीच्या शरीराचा असतो. डेंग्यू किंवा टायफॉइडचा ताप होऊन गेला असेल, तर नंतरचे दोन-तीन महिने आकडा खाली दिसू शकतो. पुरुषाला मात्र वेळ देता येतो, कारण उत्पादन वयात आल्यापासून चालूच असतं. स्त्रीचं तसं नाही. जन्मतःच 10 ते 20 लाख बीजं, वयात येईपर्यंत 3-4 लाख, आयुष्यात फुटतात जेमतेम 400-500, आणि नवीन एकही तयार होत नाही. ती 29ची होती म्हणून वाट बघणं परवडलं; 37ची असती तर सल्ला वेगळा असता.

तिच्या बाजूची एक गोष्टही राहून गेली होती. पाळी 33 दिवसांची, आणि दोघं ‘चौदावा दिवस’ धरून 12 ते 15 एवढेच दिवस मोजत होते. बीज फुटल्यापासून पुढची पाळी साधारण 14 दिवसांनी येते, म्हणजे तिचं बीज एकोणिसाव्या दिवसाच्या आसपास फुटणार. ते 12 ते 24 तासच टिकतं. शुक्राणू आत पाच दिवसांपर्यंत जगू शकतात. म्हणून तिने धरायचे दिवस 13 ते 20, एक दिवसाआड. एकविसाव्या दिवशी केलेली तिची प्रोजेस्टेरॉनची (बीज फुटल्यावर वाढणाऱ्या हार्मोनची) तपासणीही याच कारणाने कमी आली होती आणि त्यावरून गोळ्या सुरू झाल्या होत्या. ती तपासणी पुढच्या पाळीच्या सात दिवस आधी, तिच्या बाबतीत 26व्या दिवशी करायची असते. तशी केल्यावर बीज फुटत असल्याचं दिसलं आणि गोळ्या बंद झाल्या.

सहा महिन्यांनी त्याचा आकडा 1 कोटी 10 लाखांवर आला. पूर्ववत व्हायला बहुतेकांना सहा महिने ते वर्ष लागतं, काहींना दोन वर्षंही. पुढचा नमुना तीन महिन्यांनी. तोवर तिला रोज 400 मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड आणि त्याला तंबाखू पूर्ण बंद.