९११ घ्यायचीय, पण कुठली?

प्रश्न: मी जर्मनीत असतो, रोज ऑफिसला गाडी लागते, शिवाय वर्षातून तीन-चारदा न्युर्बुर्गरिंगच्या रेस ट्रॅकवर गाडी पळवायला जायचंय. पोर्शे ९११ या स्पोर्ट्स कारचं साधं मॉडेल करेरा घेऊ की ट्रॅकवालं जीटी३?

उत्तर: खरं सांगू का, करेरा घ्या! जीटी३चं ४ लिटरचं बिनटर्बो इंजिन ९००० आरपीएमपर्यंत (म्हणजे मिनिटाला तितके फेरे) किंचाळतं तेव्हा अंगावर काटा येतो हे मान्य, पण सस्पेन्शन कडक आणि ट्रॅकवाले टायर थंडी-पावसात नीट पकडच धरत नाहीत, मग नोव्हेंबरात ऑफिसला जाताना देव आठवणार. करेराचं ३ लिटर टर्बो खालच्या आरपीएमलाच मस्त ओढतं, मागे पोरांपुरत्या सीटाही मिळतात. ट्रॅकवर जायच्या आधी फक्त ब्रेक ऑइल आणि पॅड चांगले टाका, तिथल्या नॉर्डश्लाइफ या लांब ट्रॅकचा एक राउंड २०.८ किमीचा, ब्रेक भयंकर तापतात. करेरा स्वस्त पडते म्हणून वाचलेले पैसे? टायर खातीलच की!