उन्हाळ्यात आधी वैरणीची वेळ बदला

भाऊ, एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन या विदेशी जातीच्या) गाई दुपारी वैरण सोडून धापा टाकतात म्हणालात, तर सगळ्यात आधी वैरणीची वेळ बदला. खाल्लेलं पचताना पोटात उष्णता तयार होते आणि खाल्ल्यावर साधारण ४ ते ६ तासांनी ती सर्वांत जास्त असते. सकाळी ९ ला गव्हाण भरली की भर उन्हात गाय आतून-बाहेरून तापते. पहाटे थोडं टाका, निम्म्याहून जास्त संध्याकाळी ऊन उतरल्यावर. रात्री ती निवांत खाते.

दूध घटलं म्हणून पेंड वाढवू नका, हे कळकळीनं सांगतो. कडबा कमी आणि पेंडीसारखा खुराक जास्त झाला की पोट आंबतं. पोटातलं आम्ल लाळेनं मरतं, आणि धापेत तीच लाळ गळून जाते. म्हणून खुराकात रोज १०० ग्रॅमच्या आसपास खाण्याचा सोडा, शिवाय मीठ आणि खनिज मिश्रण द्या. कडब्याची कुट्टी हिरव्या चाऱ्यात मिसळा. शेण पातळ, फेसाळ दिसलं की खुराक लगेच कमी करा.

पाणी चोवीस तास समोर हवं. दुभती गाय उन्हाळ्यात दिवसाला १०० लिटरही पिते, पण तापलेलं पाणी नीट पीत नाही. हौद सावलीत घ्या, पाइपही मातीखाली गाडा.