'सामाजिक लोकशाही', 'लोकशाही समाजवाद' आणि जर्मनीची एसपीडी

विचारणा अशी आहे : जर्मनीतील एसपीडी या पक्षाचा उल्लेख मराठीत कुठे 'सामाजिक लोकशाही पक्ष', कुठे 'समाजवादी लोकशाही पक्ष', तर कुठे 'सोशल डेमोक्रॅटिक पक्ष' असा होतो, यांपैकी योग्य कोणता, आणि 'सोशल डेमोक्रॅट' म्हणजेच 'लोकशाही समाजवादी' असे समजायचे का?

माझे मत आधी सांगतो, कारणे मागाहून. पक्षाचे नाव 'सोशल डेमोक्रॅटिक पक्ष' असेच लिहावे. 'सामाजिक लोकशाही' हा शब्दप्रयोग या पक्षाच्या नावासाठी खर्ची घालू नये, कारण मराठीत त्याला आधीपासून एक वेगळा आणि पक्का अर्थ आहे. 'लोकशाही समाजवाद' मात्र पक्षाने स्वतःच अनेकदा वापरलेला आहे. तो जिथे आला असेल तिथे निःशंकपणे लिहावा, पण पक्षाच्या नावाचा पर्याय म्हणून नव्हे.

घोळाचे मूळ 'सामाजिक' या विशेषणात आहे. एकोणिसाव्या शतकातील जर्मनीत 'सामाजिक प्रश्न' असे म्हटले की त्याचा अर्थ गिरण्या-कारखान्यांतील मजुरांची दैना, त्यांचे वेतन आणि कामाचे तास असा घेतला जाई. त्याच सुमारास आपल्याकडे 'सामाजिक' हा शब्द निराळ्या वादात घडत होता. 'आधी राजकीय की आधी सामाजिक' या टिळक-आगरकरांच्या काळातील वादात 'सामाजिक' म्हणजे बालविवाह, विधवांची स्थिती, स्त्रीशिक्षण, जातिभेद. 1895 साली पुण्यात काँग्रेसच्या मंडपात सामाजिक परिषद भरू द्यायची की नाही यावरून जे रण माजले, त्यात मजुरीचे दर हा मुद्दाच नव्हता. पुढे या शब्दाला समाजसेवेचाही रंग चढला : सामाजिक कार्यकर्ता, सामाजिक संस्था, सामाजिक बांधिलकी. त्यामुळे 'सामाजिक लोकशाही पक्ष' असे वाचल्यावर मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर सुधारकांची किंवा समाजसेवकांची एखादी मंडळी उभी राहते. कामगार चळवळीतून निघालेला, कित्येक वर्षे सत्ता भोगलेला पक्ष उभा राहत नाही.

याहून मोठी अडचण डॉ. आंबेडकरांच्या शब्दयोजनेची आहे. 25 नोव्हेंबर 1949 रोजी संविधान सभेतील अखेरच्या मोठ्या भाषणात त्यांनी बजावले होते की, राजकीय लोकशाहीच्या बुडाशी सामाजिक लोकशाही नसेल तर ती टिकणार नाही. आणि सामाजिक लोकशाही म्हणजे स्वातंत्र्य, समता व बंधुता ही जीवनाची तत्त्वे मानणारी जीवनपद्धती, असा खुलासाही त्यांनी तिथेच केला होता. मराठीत हा शब्दप्रयोग त्या भाषणाशी कायमचा जोडला गेला आहे. परीक्षेच्या पुस्तकांपासून जयंतीच्या व्याख्यानांपर्यंत तो त्याच अर्थाने येतो. त्यात जातिव्यवस्थेचा विचार मध्यभागी आहे, जो जर्मन पक्षाच्या इतिहासात असण्याचे कारण नाही. एकाच शब्दावर दोन अर्थांचा भार टाकला की दोन्ही अर्थ पातळ होतात.

गंमत अशी की जर्मन भाषेने हा भेद स्वतःच्या घरात सांभाळला आहे. पक्ष व चळवळ यांसाठी तिथे 'सोत्सिआलडेमोक्राटी' असा एकजीव, सामासिक शब्द आहे. तर एक तत्त्व म्हणून 'सामाजिक लोकशाही' म्हणायचे असेल तेव्हा 'सोत्सिआले डेमोक्राटी' असे विशेषण आणि नाम सुटे लिहितात. 2007 च्या हँबुर्ग जाहीरनाम्यात पक्षाने लोकशाही समाजवाद हे आपले स्वप्न आणि 'सोत्सिआले डेमोक्राटी' हे आपल्या कृतीचे तत्त्व असल्याचे नमूद केले आहे. तिथे, आणि तशाच ठिकाणी, 'सामाजिक लोकशाही' हे भाषांतर चपखल बसते. पक्षाच्या नावातला जोडशब्द मात्र एव्हाना विशेषनाम झाला आहे, आणि विशेषनामाचे भाषांतर न केलेलेच बरे.

आता दुसरा भाग, म्हणजे सोशल डेमोक्रॅट आणि लोकशाही समाजवादी एकच का. याचे उत्तर कोणत्या सालाबद्दल बोलतो आहोत यावर अवलंबून आहे, म्हणून थोडा इतिहास पाहावा लागतो.

फर्डिनांड लासाल यांनी 23 मे 1863 रोजी लाइपझिगमध्ये अखिल जर्मन कामगार संघ स्थापन केला; पक्ष आपला जन्मदिवस हाच मानतो. लासाल पुढच्याच वर्षी एका द्वंद्वयुद्धात मारले गेले. 1869 मध्ये आउगुस्ट बेबेल आणि विल्हेल्म लीबक्नेख्ट यांनी आयझेनाख येथे दुसरा पक्ष काढला, आणि 'सोशल डेमोक्रॅटिक' हे विशेषण पक्षाच्या नावात आले ते याच्याबरोबर. 1875 मध्ये गोथा येथे दोघांचा मिलाफ झाला. त्या एकत्रित पक्षाचे नाव मात्र 'समाजवादी कामगार पक्ष' असे होते. म्हणजे 'समाजवादी' हा शब्दही या पक्षाच्या पाटीवर काही काळ होताच. 1878 ते 1890 या काळात चॅन्सेलर (सरकारप्रमुख) बिस्मार्कच्या समाजवादविरोधी कायद्याने पक्षाच्या संघटना, सभा आणि वृत्तपत्रे बंद पाडली. उमेदवारांना वैयक्तिकरीत्या निवडणूक लढवण्याची मुभा तेवढी उरली, आणि या दडपशाहीतही सुरुवातीच्या घसरणीनंतर पक्षाची मते वाढत गेली. कायदा संपताच 1890 मध्ये पक्षाने आजचे नाव धारण केले. 1912 च्या निवडणुकीत एक तृतीयांशाहून अधिक मते आणि 110 जागा मिळवून तो राइखस्टागमधील, म्हणजे जर्मन संसदेतील, सर्वांत मोठा पक्ष झाला.

या काळातील 'सोशल डेमोक्रॅट' हा शब्द आजच्या अर्थाने वाचला तर फसगत होते. 1891 चा एरफुर्ट जाहीरनामा सरळ मार्क्सवादी होता. लेनिन यांचा पक्षसुद्धा 'रशियन सोशल डेमोक्रॅटिक मजूर पक्ष' याच नावाने काम करीत होता. 1902 सालचा लेनिन स्वतःला सोशल डेमोक्रॅट म्हणवतो तेव्हा त्याला मवाळ समजणे म्हणजे कपाळमोक्षच. मार्क्सचे सहकारी एंगेल्स यांना हे नाव नीटसे रुचत नव्हते. 1894 मध्ये त्यांनी लिहून ठेवले की कम्युनिस्ट उद्दिष्ट असलेल्या पक्षाला हे नाव नेमके बसत नाही, पण चालवून घेता येईल. कारण पक्ष बदलत जातो आणि नाव तसेच राहते. पुढे जे घडले त्यावर याहून नेमके भाष्य मला तरी दुसरे ठाऊक नाही, फक्त बदलाची दिशा एंगेल्सना अपेक्षित होती तिच्या उलटी निघाली.

ती दिशा पहिल्यांदा मांडली एडुआर्ड बर्नस्टाइन यांनी. भांडवलशाही कोसळण्याची वाट पाहत बसण्यापेक्षा संसद, कामगार संघटना आणि सुधारणा यांच्या वाटेने समाजवादाकडे जाता येते, हे त्यांचे म्हणणे 1899 च्या सुमारास पक्षात वादळ उठवून गेले. रोझा लक्झेंबर्ग यांनी त्यावर हल्ला चढवला आणि पक्षाने अधिकृतपणे बर्नस्टाइन यांना नाकारले. व्यवहारात मात्र त्यांचाच मार्ग धरला. (ठराव एकाचा आणि वागणे दुसऱ्याचे, ही रीत पक्षांना नवी नाही.) 4 ऑगस्ट 1914 रोजी पक्षाने युद्धकर्जाच्या बाजूने मत दिले आणि फुटीचे बीज पेरले गेले. लेनिन यांनी मार्च 1918 मध्ये आपल्या पक्षाचे नाव बदलून 'कम्युनिस्ट' केले, ते या नावाशी नाते तोडण्यासाठीच. जर्मनीतही त्याच वर्षाच्या अखेरीस वेगळा कम्युनिस्ट पक्ष निघाला. 'सोशल डेमोक्रॅट' म्हणजे क्रांतीऐवजी संसदेचा मार्ग धरणारा डावा, हा आजचा अर्थ या फारकतीनंतर रूढ झाला. शब्द तोच राहिला, पण त्याच्या शेजारी नवा शब्द येऊन बसल्यामुळे त्याची हद्द बदलली.

याच पक्षाचे फ्रिडरिश एबर्ट 1919 मध्ये प्रजासत्ताकाचे पहिले अध्यक्ष झाले. 23 मार्च 1933 रोजी हिटलरला सर्वाधिकार देणारा कायदा 444 विरुद्ध 94 मतांनी मंजूर झाला, तेव्हा ती 94 मते सोशल डेमोक्रॅटांचीच होती. कम्युनिस्टांच्या जागा तोवर रद्द झाल्या होत्या आणि विरोधात बोलायला ओटो वेल्स हे एकटेच पक्षप्रमुख उभे राहिले. तीन महिन्यांत पक्षावर बंदी आली.

दुसऱ्या महायुद्धानंतर 'लोकशाही समाजवाद' ही संज्ञा पुढे येते, आणि का येते हे ध्यानात घेण्यासारखे आहे. 1946 मध्ये सोव्हिएत ताब्यातील भागात या पक्षाला कम्युनिस्ट पक्षाशी बळजबरीने एकत्र करून नवा पक्ष बनवण्यात आला, आणि पुढे पूर्व जर्मनीत त्याचीच सत्ता राहिली. पश्चिमेकडे पक्षाचे नेते कुर्ट शुमाखर यांनी त्याला कडाडून विरोध केला. पूर्वेत 'समाजवाद' म्हणून जे चालले होते त्यापासून स्वतःला वेगळे दाखवण्यासाठी समाजवादाला 'लोकशाही' हे विशेषण लावणे भाग होते. नोव्हेंबर 1959 मध्ये बाड गोडेसबर्ग येथील अधिवेशनात पक्षाने मार्क्सवादी परिभाषा बाजूला ठेवली. आपला लोकशाही समाजवाद ख्रिस्ती नीतिविचार, मानवतावाद आणि अभिजात तत्त्वज्ञान यांत रुजलेला आहे असे सांगितले, न्याय्य समाजव्यवस्थेच्या आड येत नाही तोवर खासगी मालकीला संरक्षण मान्य केले, आणि शक्य तितकी स्पर्धा, आवश्यक तितके नियोजन हे सूत्र स्वीकारले. कामगारांचा पक्ष इथून स्वतःला साऱ्या जनतेचा पक्ष म्हणू लागला.

या संज्ञेची पुढे एक विनोदी कुचंबणा झाली. बर्लिनची भिंत पडल्यावर पूर्व जर्मनीतील जुन्या सत्ताधारी पक्षाने नाव बदलले ते 'लोकशाही समाजवाद पक्ष' असे! ज्यांच्यापासून वेगळे दिसण्यासाठी ही शब्दजोडी धरली होती, त्यांनीच ती पाटीवर लावली. म्हणून जर्मनीच्या संदर्भात 'लोकशाही समाजवादी पक्ष' असे मोघम लिहिले तर 1990 नंतरच्या बातमीत चुकीच्या पक्षाकडे बोट जाऊ शकते.

धोरणांकडे पाहिले तर 'समाजवादी लोकशाही पक्ष' हे तिसरे रूपही का खटकते ते कळते. पक्षाचे चॅन्सेलर विली ब्रांट (1969 ते 1974) यांचे पूर्वेकडील देशांशी सलोख्याचे धोरण, ज्यासाठी त्यांना 1971 चे शांततेचे नोबेल मिळाले. हेल्मुट श्मिट यांच्या काळातील 1976 चा कायदा, ज्याने दोन हजारांहून अधिक कामगारांच्या कंपन्यांत पर्यवेक्षक मंडळाच्या निम्म्या जागा कामगार-प्रतिनिधींना दिल्या. गेऱ्हार्ड श्रोडर यांचा 2003 चा 'अजेंडा 2010', ज्याने बेकारभत्त्याला कात्री लावली आणि पक्षाचा एक गट कायमचा दुरावला. 2015 मध्ये ताशी साडेआठ युरोंपासून सुरू झालेले आणि ओलाफ शोल्झ यांच्या सरकारने ऑक्टोबर 2022 मध्ये बारा युरोंवर नेलेले किमान वेतन. यात कल्याणकारी राज्य आहे, कामगारहक्क आहेत, बाजाराशी तडजोडही आहे. उत्पादनसाधनांच्या सार्वजनिक मालकीचा आग्रह, जो मराठी कानाला 'समाजवादी' म्हणताच ऐकू येतो, तो मात्र 1959 नंतर शोधावा लागतो.

मग ब्रिटनच्या लेबर पार्टीसाठी आपण 'मजूर पक्ष' हा सुरेख शब्द केला, वर 'हुजूर पक्ष' असे त्याला यमकही जुळवले, तशी काही घडण इथे का करू नये, असे कोणी विचारील. करायला हरकत नव्हती. पण 'मजूर' हा शब्द सरळ मूळ नावातून आला होता आणि त्याची जागा मराठीत दुसऱ्या कोणी अडवलेली नव्हती. इथे दोन्ही अटी पुऱ्या होत नाहीत. शिवाय हे नाव जगभर एकाच रंगाचेही नाही : पोर्तुगालमधील सोशल डेमोक्रॅटिक पक्ष उजवीकडे झुकलेला मध्यममार्गी आहे, आणि तिथे डावीकडची जागा समाजवादी पक्षाकडे आहे. नाव जसेच्या तसे ठेवून पुढे 'मध्यममार्गी डावा' असे एक विशेषण जोडले तर वाचकाची अधिक सोय होते.

दोन किरकोळ शंका उरतात. पक्षाचे सदस्य एकमेकांना 'गेनोसं' म्हणतात, त्याचे भाषांतर सर्रास 'कॉम्रेड' केले जाते. मराठीत कॉम्रेड म्हटले की कम्युनिस्ट; आपल्या समाजवाद्यांनी त्यासाठी 'साथी' हा शब्द चालवला आणि एस. एम. जोशींच्या पिढीने तो घरोघरी नेला. सोशल डेमोक्रॅटांच्या तोंडी 'साथी'च शोभेल. दुसरी शंका लिंगाची : 'एसपीडी जिंकला' की 'जिंकली'? जर्मनमध्ये पार्टी स्त्रीलिंगी आहे, पण मराठीत लिंग मनातल्या नामावरून ठरते. 'पक्ष' मनात असेल तर 'भाजप'प्रमाणे पुल्लिंगी, 'पार्टी' असेल तर स्त्रीलिंगी. शीर्षकात मी 'जर्मनीची एसपीडी' लिहिले आहे. ज्यांना 'जर्मनीचा एसपीडी' बरे वाटते त्यांनी तसे लिहावे, एका लेखात दोन्ही करू नये.