उमेदवाराच्या बाजूने केलेला माहितीपट आचारसंहितेत दाखवता येतो का?

तुमचा प्रश्न: विधानसभेच्या एका उमेदवाराची बाजू घेणारा 35 मिनिटांचा माहितीपट मित्रमंडळींनी केलाय, तो यूट्यूबवर टाकायचा आहे, गावोगावी एलईडी व्हॅनवर दाखवायचा आहे, परवानगी लागते का, कुणाची?

दाखवता येतो. फक्त 'माहितीपट' असं नाव दिलं की प्रचाराचे नियम लागत नाहीत, ही समजूत सोडा. निवडणूक आयोग बघतो ते पैसे कुणाचे, पडदा कुठला आणि तारीख काय.

यूट्यूबचं सोपं आहे. स्वतःच्या खात्यावर टाकलेल्या व्हिडिओला आयोगाच्या 2013 च्या सूचनांनुसार पूर्वप्रमाणन (दाखवण्याआधी आयोगाच्या समितीचं प्रमाणपत्र घेणं) लागत नाही. पण तोच व्हिडिओ पैसे देऊन 'बूस्ट' केला की ती राजकीय जाहिरात झाली. मग प्रमाणपत्र हवंच, शिवाय गूगलकडे जाहिरातदाराची वेगळी पडताळणी करावी लागते. ऐन प्रचारात ती सुरू केली तर हातातले दिवस तिथेच जातात.

व्हॅन, थिएटर, केबल, चौकातला पडदा या सगळ्यांना माध्यम प्रमाणन व संनियंत्रण समितीचं (लोक एमसीएमसीच म्हणतात) प्रमाणपत्र लागतं. सर्वोच्च न्यायालयाच्या एप्रिल 2004 च्या आदेशानंतर ही पद्धत आली. विहित नमुन्यातला अर्ज, फिल्मच्या दोन प्रती आणि साक्षांकित संहिता (फिल्ममधलं सगळं बोलणं लिहून काढलेलं) द्यायची. अर्जात निर्मितीचा खर्च आणि दाखवण्याचा अंदाजे खर्च लिहायचा. पैसे चेक किंवा डीडीनेच दिले जातील असं निवेदनही असतं. नोंदणीकृत पक्ष किंवा उमेदवार यांचा अर्ज प्रसारणाच्या किमान 3 दिवस आधी, इतर कुणाचाही 7 दिवस आधी. संहिता फिल्मशी शब्दशः जुळली पाहिजे. मुलाखती असलेल्या फिल्ममध्ये लोक निवेदन टाइप करतात आणि गावकऱ्यांचं बोलणं 'बाइट' म्हणून सोडून देतात; नेमके आरोप त्या बाइटमध्येच असतात. प्रमाणपत्र मिळाल्यावर पडद्यावरची एक पाटी जरी बदललीत तरी ती फिल्म प्रमाणित राहिली नाही.

आता तुमची खरी अडचण. त्रयस्थ म्हणून अर्ज केलात तर शपथेवर लिहून द्यावं लागतं की ही जाहिरात कोणत्याही पक्षाच्या वा उमेदवाराच्या फायद्यासाठी नाही आणि त्यांनी तिचे पैसे दिलेले नाहीत. तुमची फिल्म तर उघडउघड एकाच्या बाजूची! ही शपथ घेऊ नका. शिवाय उमेदवाराच्या लेखी परवानगीशिवाय त्याच्या प्रचारावर खर्च करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 176 खाली गुन्हा आहे, दंड 10,000 रुपयांपर्यंत. मागाहून मंजुरी घेण्याची सवलत आहे, पण ती 10 रुपयांपर्यंतच्या खर्चाला. (हो, दहाच. इंग्रजांच्या काळातली रक्कम कुणी बदललीच नाही.)

म्हणून उमेदवाराची लेखी संमती घ्या आणि अर्ज त्याच्याच नावाने करा. खर्च त्याच्या खात्यात जाईल. महाराष्ट्रात विधानसभेची मर्यादा 40 लाख आहे, गोव्यात 28. एडिटिंग मित्राने फुकट केलं असलं तरी त्याची बाजारभावाने किंमत लावली जाते. फिल्म उमेदवारी अर्ज भरण्याआधी तयार झाली, पण वापरली नंतर, तरीही हिशोबात येते. पक्षाच्या सर्वसाधारण प्रचारखर्चाला मात्र मर्यादाच नाही. त्यामुळे मोठे पक्ष आपल्या फिल्ममध्ये स्थानिक उमेदवाराचं नाव किंवा चेहरा कटाक्षाने टाळतात, नाहीतर खर्च त्याच्या खात्यात जातो. मला विचाराल तर अख्ख्या व्यवस्थेतलं सगळ्यात मोठं भगदाड हेच.

तारखेचं भान ठेवा. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 126 नुसार मतदान संपण्याआधीच्या 48 तासांत निवडणूकविषयक काहीही पडद्यावर दाखवता येत नाही. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. 2024 च्या विधानसभेला मतदान 20 नोव्हेंबरला संध्याकाळी 6 पर्यंत होतं, म्हणजे 18 ला संध्याकाळी 6 नंतर व्हॅनचा पडदा बंद. प्रमाणपत्र खिशात असलं तरी.

थिएटरचा विचार असेल तर तो सोडाच. 2019 मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदींवरच्या चित्रपटाला सेन्सॉरचं प्रमाणपत्र मिळालं होतं. तरी 10 एप्रिलला आयोगाने आचारसंहिता असेपर्यंत असे चरित्रपट दाखवायला मनाई केली. तो लागला 24 मे रोजी, निकालाच्या दुसऱ्या दिवशी. त्यांच्याच जीवनावरची वेबसिरीजही एप्रिलमध्येच काढायला लावली होती.

'अमेरिकेत चालतं की' हा युक्तिवाद समितीपुढे नको. हिलरी क्लिंटन यांच्यावरच्या 2008 च्या टीकापटावरून तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2010 मध्ये 5 विरुद्ध 4 मतांनी कंपन्यांच्या प्रचारखर्चावरची बंदी उठवली. पैसे कुणी दिले हे जाहीर करण्याचं बंधन तिथेही कायम राहिलं. आपल्याकडे त्या निकालाचा काडीचा उपयोग नाही.

अर्जाआधी फिल्म आवाज बंद करून एकदा बघा. देवळातली आरती, मशिदीचा मिनार, जवानांचे फोटो, विरोधकाच्या घरच्यांचे चेहरे हे सगळं तेव्हाच डोळ्यांत भरतं, आणि समितीची लाल रेघ बहुधा तिथेच पडते. जिल्हा परिषद किंवा महापालिकेची निवडणूक असेल तर ती राज्य निवडणूक आयोगाकडे असते. त्यांचे आदेश वेगळे निघतात, ते जिल्हाधिकारी कार्यालयातून किंवा महापालिकेतून घ्या.