गढूळ पेल एलमध्ये आंब्याचा वास येतो कुठून?

नमस्कार भाऊ,

तुम्ही लिहिलंय की पुण्याला मुलाकडे गेला होता, तिथे त्याने ‘हेझी पेल एल’ नावाची बिअर पाजली. ग्लास पाहून वाटलं, टाकीच्या बुडाचा गाळ आपल्या माथी मारला. वास मात्र पिकल्या आंब्याचा न पेरूचा. मुलगा म्हणतो यात ज्यूस नाही, तुम्हाला ते पटत नाही. आणि आता तो मे महिन्यात चार-सहा कॅन दर्यापूरला पाठवतो म्हणतोय, तर मागवू का, असं तुम्ही विचारलंय. माझा वरुडकडे संत्र्याचा बगीचा आहे. त्याआधी सहा वर्षं पुण्यात एका मायक्रोब्रुअरीत टाक्यांवर काम केलं. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मुलगा खरं बोलतो. ज्यूस नाही, इसेन्सही नाही. (मेनूवर ‘फ्रूट बिअर’ लिहिलं असेल तर गोष्ट वेगळी.) तो वास हॉप्सचा. हॉप्स म्हणजे थंड मुलखातल्या एका वेलीची फुलं, आपल्या देशात हिमाचलच्या लाहौलकडे थोडी होतात. फूल उकललं की पाकळ्यांच्या बुडाशी पिवळी, चिकट भुकटी दिसते, सगळा माल त्या भुकटीत. ब्रुअरीत ते कांडी पेंडीसारख्या बारीक हिरव्या गोळ्यांच्या रूपात, हवाबंद पाकिटात येतात. ‘सिट्रा’ नावाच्या हॉप्सचं पाकीट मी पहिल्यांदा फोडलं, दोन गोळ्या तळहातावर चुरल्या आणि हात नाकाशी नेला. आंबा, संत्र्याची साल आणि कच्च्या कांद्याची पात, तिन्ही एकदम. हात साबणाने दोनदा धुतला तरी संध्याकाळपर्यंत तो वास बोटांना होता.

हे नुसतं ‘सारखं वाटतं’ असं नाही. झाड वेगळं असलं तरी वासाचं द्रव्य बऱ्याचदा एकच असतं. हॉप्सच्या तेलात मायर्सीन भरपूर असतं, ते आंब्यातही सापडतं. लिनालूल असतं, आपल्या धन्याचा वास मुख्यतः त्याचाच. जिरॅनिऑल असतं, मेळघाटातलं तिखाडी गवत चुरगाळल्यावर जो गुलाबासारखा वास येतो तो त्याचा. संत्र्याची साल दिव्यासमोर पिळली की ठिणग्या उडतात ना, ते लिमोनीनही हॉप्समध्ये थोडं असतं. आणि पेरूचं म्हणाल तर पिकल्या पेरूच्या वासात गंधकाची काही संयुगं असतात. लिटरभरात ग्रॅमचे काही अब्जांश भाग असले तरी नाकाला कळतात. तीच काही जातींच्या हॉप्समध्ये असतात. तुमचं नाक चुकलं नाही, भाऊ. त्याने पेरूच ओळखला.

मग नेहमीच्या बिअरला असा वास का नाही? एक तर तिच्यात हॉप्स थोडे असतात आणि जातीही वेगळ्या. पण खरी गोष्ट आहे ती कधी टाकले याची. वांग्याच्या भाजीत आपण सांबार (कोथिंबीर) कधी टाकतो? गंज चुलीवरून उतरवल्यावर. आधीच टाकून तासभर शिजवला तर सांबाराचा वास राहतो का? हॉप्सचंही तसंच. तासभर उकळले की त्यातल्या आम्लांचं रूप बदलतं आणि बिअरला कडूपणा येतो, पण सुगंधी तेल वाफेवर उडून जातं. हेझी करणारा माणूस उकळताना हॉप्स जवळपास टाकतच नाही. आच बंद करून धान्याचा उकळलेला रस 80 अंशांच्या आसपास आला की काही टाकतो, आणि मोठा हिस्सा थेट आंबवणाच्या टाकीत, थंड्यात. आम्ही लिटरमागे आठ-दहा ग्रॅम टाकायचो. हजार लिटरच्या टाकीला आठ-दहा किलो! म्हणून ती महाग पडते, आणि म्हणून ती वासाला इतकी मोठी असूनही जिभेला कडू लागत नाही.

काही जण आंबवण चालू असतानाच हॉप्स टाकतात. तेव्हा यीस्ट नुसतं साखर खाऊन थांबत नाही. ते जिरॅनिऑलचं सिट्रोनेलॉल करतं, म्हणजे गुलाबाकडचा वास लिंबाकडे झुकतो. शिवाय यीस्टचा स्वतःचा थोडा पीच-जर्दाळूसारखा वास असतो तो वेगळाच. मला या कामातला सगळ्यात आवडता दिवस तोच. टाकीच्या नळीतून बुडबुडे निघताहेत आणि अख्ख्या खोलीत अढी उघडल्यासारखा घमघमाट.

आता गढूळपणा. घरी एक करून पाहा. कोरा चहा कडक करा, गाळा, फ्रिजमध्ये ठेवा. गरम असताना आरपार दिसणारा चहा थंड झाल्यावर धुरकट होतो. चहातली तुरट द्रव्यं थंडीत एकमेकांना धरून बारीक कण करतात. बिअरमध्ये तुरट द्रव्यं हॉप्समधून येतात आणि त्यांना धरायला प्रथिनं मिळतात गहू-ओट्समधून. हेझीच्या धान्यात जवच्या माल्टबरोबर गहू आणि ओट्स चांगले पाचवा ते तिसरा हिस्सा असतात. हे कण इतके बारीक की खाली बसत नाहीत. विहिरीचं गढूळ पाणी तुरटी फिरवून किंवा निवळीची बी उगाळून आपण नितळ करतो, तशी नेहमीची बिअरही गाळून, निवळून घेतात. हिला मुद्दाम निवळत नाहीत, कारण त्या गाळणीत वासही जातो. ओट्समुळे तोंडात जो मऊपणा येतो तो ज्वारीच्या पातळ आंबिलीसारखा. जिभेवरून घसरत जाते, टोचत नाही.

पाण्याचं तुम्हाला वेगळं सांगायला नको. खारपाणपट्ट्यातल्या घरात तुरीची डाळ कोणत्या पाण्यात शिजते न कोणत्या नाही, हे पोरंही सांगतात. बिअरमध्ये पाण्यातले क्षार असाच फरक पाडतात. आपण चोपण जमिनीत टाकतो ते जिप्सम म्हणजे कॅल्शियम सल्फेट. ते पाण्यात जास्त असलं की कडूपणा धारदार होतो. इंग्लंडमधल्या बर्टनच्या पाण्यात ते मुळातच भरपूर, म्हणून तिथली पेल एल गाजली. हेझीसाठी उलट करतात. क्लोराइड सल्फेटच्या साधारण दुप्पट ठेवतात, मग चव गोलसर, भरीव लागते.

ही पद्धत अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यातली. तिथल्या ‘द अल्केमिस्ट’ ब्रुअरीत जॉन किमिक यांनी 2004 साली ‘हेडी टॉपर’ नावाची अशी बिअर पहिल्यांदा केली. 2011 च्या ऑगस्टमध्ये आयरीन वादळाच्या पुरात त्यांचा पब बुडाला, आणि नेमकं त्याच सुमारास त्यांनी कॅन भरायला सुरुवात केली. त्या कॅनवर ‘कॅनमधूनच प्या’ असं छापलेलं असतं. अमेरिकी ब्रुअर्सच्या संघटनेने 2018 मध्ये ‘ज्यूसी किंवा हेझी’ असा रीतसर प्रकार मान्य केला, पेल एल, तिच्याहून कडक आयपीए (इंडिया पेल एल) आणि त्याहून कडक डबल आयपीए असा तिन्हीत. तुम्ही प्यालात ती यातली सगळ्यात हलकी, पाच टक्क्यांच्या आसपासची. माझ्या मते चांगली तीच. आयपीए सात टक्क्यांपर्यंत जाते, दुसऱ्या ग्लासाला नाक बधिर होतं आणि वासासाठी केलेल्या बिअरचा वासच कळत नाही.

पण गढूळ दिसली म्हणजे चांगली, असंही धरू नका. हा प्रकार चालायला लागल्यावर नुसतं रूप आणण्यासाठी मैदा टाकणारेही निघाले. ते मला अजिबात पटत नाही. गढूळपणा हा वास जपताना मागे राहिलेला भाग आहे, तो आणायचा नसतो. पिताना घशाशी मिरचीसारखी चरचर झाली तर हॉप्सचा चुरा बुडाशी न बसवताच बिअर काढली आहे. ओल्या पावासारखा वास आला तर यीस्ट तरंगतंय. लोण्याचा वास आला तर आंबवण पुरं झालेलं नाही. असा ग्लास खुशाल परत करा. चांगली हेझी संत्र्याच्या रसासारखी सारख्या रंगाची दिसते, तिच्यात कण तरंगताना दिसत नाहीत.

आता कॅनचं. एका एप्रिलमध्ये मी स्वतः टाकीतून भरलेले चार कॅन पुण्याहून वरुडला आणले. रात्रभराचा ट्रॅव्हल्सचा प्रवास, बॅग खाली डिकीत, पुढे सकाळी अमरावतीच्या स्टँडवर दोन तास उन्हात. दोन दिवस फ्रिजमध्ये ठेवून वडिलांसाठी पहिला कॅन फोडला. पिवळीधमक भरलेली बिअर मातकट, जरा जांभळट झाली होती. पेरू कापून ठेवला की लाल-काळा पडतो तसा रंग. वास ओल्या पुठ्ठ्याचा. वडील काही बोलले नाहीत, दोन घोट घेऊन ग्लास बाजूला ठेवला. मला फार वाईट वाटलं. त्या टाकीवर मी तीन आठवडे राबलो होतो. भरताना आत राहिलेली चिमूटभर हवा आणि वरून उष्णता, एवढ्यात सगळं जातं. नेहमीच्या बिअरमध्ये हॉप्स कमी, म्हणून तिचं इतकं दिसत नाही. हिच्यात सगळा जीव त्याच तेलात आहे.

त्यामुळे मे महिन्यात मागवू नका. कुरिअरने तर कधीच नाही. डिसेंबर-जानेवारीत मुलगा स्वतः येणार असेल तर थर्माकोलच्या डब्यात बर्फ घालून, सीटजवळ ठेवून आणू द्या. परवाना बरोबर असू द्या, आणि तेच कॅन पुढे वर्ध्याला पाहुण्यांकडे न्यायचा विचार करू नका, तिथे दारूबंदी आहे. घेण्याआधी कॅनच्या बुडाची तारीख पाहायला सांगा. महिन्याच्या आतली असेल तरच. घरी आल्या आल्या फ्रिजमध्ये, आणि पिण्याआधी दहा मिनिटं बाहेर काढून ठेवा, फार गार असली तर वास उघडत नाही. मोठ्या तोंडाचा काचेचा पेला घ्या, अर्धाच भरा. वर जागा राहिली की वास तिथे साठतो.