घशाशी आलेलं पान

चि. …… यास,
अनेक आशीर्वाद.

नाव मुद्दाम गाळलंय. हल्ली पत्रं चार जणांच्या फोनवरून फिरून येतात. तुझा मेसेज रात्री बाराचा, मी पाहिला सकाळी, चहाचं आधण ठेवताना. मेसमध्ये जेवता जेवता शरणकुमार लिंबाळे यांचं आत्मकथन ‘अक्करमाशी’ वाचत होतास, शेणातल्या ज्वारीचं पान आलं, पोटात ढवळलं आणि ताट तसंच टाकून बेसिनकडे पळालास. पोरं हसली. आता विचारतोयस की तुझ्यात काही बिघाड आहे का, आणि असली पुस्तकं तू वाचावीस की नाही.

बिघाड नाही. 2008 साली नेदरलँड्समध्ये ग्रोनिंगनच्या संशोधकांनी माणसांना एमआरआयच्या यंत्रात झोपवलं आणि एकदा घाण चवीचं पेय चाखवलं, एकदा तसं पेय पिऊन तोंड वेंगाडणारा माणूस पडद्यावर दाखवला, आणि एकदा किळस येईल असे छोटे प्रसंग नुसते वाचायला दिले. तिन्ही वेळा मेंदूचा इन्सुला नावाचा एकच भाग जागा झाला. बाकीच्या मेंदूशी त्याचे लागेबांधे मात्र तिन्ही वेळा वेगळे होते. म्हणजे वाचणं आणि चाखणं एकच नाही, पण दोन्हींच्या वाटेवर एक खोली सामाईक आहे. तू त्या खोलीत जरा जोरात शिरलास, एवढंच.

आपल्याकडे तर हे फार आधी लिहून ठेवलंय. भरताच्या नाट्यशास्त्रात बीभत्स रसाची लक्षणं दिली आहेत: अंग आखडणं, तोंड वाकडं होणं, ओकारी, थुंकणं. बीभत्साचे प्रकारही पाडलेत. रक्त वगैरे पाहून होतो तो क्षोभज, विष्ठा आणि कृमी पाहून होतो तो उद्वेगी. तुझा दुसरा. आमच्या घरी ‘हे’ पहिल्या जातीचे. ऑपरेशनचं वर्णन वाचतानाच घामाघूम होतात. एकदा तर वर्तमानपत्रासकट खुर्चीतून खाली आले. त्यात रक्तदाब एकदम पडतो, म्हणून तसं कधी वाटलं तर लाजायचं नाही, सरळ आडवं व्हायचं आणि पाय उशीवर ठेवायचे. हातापायांचे स्नायू घट्ट आवळून धरले तरी भोवळ टळते. आणि एखादं पान वाचताना पुस्तकातलं नव्हे, स्वतःच्याच अंगावर गुदरलेलं काही वर येत असेल, तर पुस्तक मिटायचं आणि विश्वासाच्या माणसाशी बोलायचं. तिथे वाचकाचा बाणा दाखवायची गरज नाही.

पण तुझं तसं नाहीये. म्हणून जरा कान उपटते.

ते पान पुन्हा काढ. सुगीत जनावरं शेतातलं कणीस खातात, न पचलेले दाणे शेणातून पडतात. संतामाय, म्हणजे लेखकाची आजी, ते शेण गोळा करते, धुते, दाणे वाळवते, दळते, त्याची भाकरी करते. इथपर्यंत वाचलंस आणि पळालास. पुढच्या ओळी वाचल्यास का? नातू आजीकडे त्या भाकरीचा तुकडा मागतो. चावायला लागतो, शेणाचा वास येतो, गिळवत नाही, आणि तो तुकडा आजीला परत देतो. आजी मात्र खात असते. म्हणजे तुझ्या घशाला जे झालं ते आधी त्या पोराच्या घशाला झालंय. तू एकटा नव्हतास तिथे. तुला ओकारी आली याचं मला काही वाटत नाही. वाईट याचं वाटतं की तू त्या पोराच्या आधी उठलास, आणि संतामाय खाताना तिच्या तोंडाकडे पाहायचं राहून गेलं.

मला हे ठाऊक आहे, कारण मीही उठले होते. पुस्तक आलं 1984 साली, माझ्या हाती पडलं ते दीड-दोन वर्षांनी, बी.एड. करून घरी बसले होते तेव्हा. दुपारची वेळ, माजघर, पोटात आमटीभात. ते पान आलं आणि मी परसात मोरीकडे धावले. आईला वाटलं पित्त झालं. आलं-लिंबू दिलंन.

संध्याकाळी माझं मलाच नवल वाटायला लागलं. शेणाची किळस? आमच्या घरात? जमीन शेणाने सारवलेली. दारात शेणाचा सडा. दर श्रावणीला वडील आणि काका पंचगव्य घ्यायचे, त्यात दूध, दही, तूप यांच्या जोडीला गोमूत्र आणि शेणही असतं. पळीभर तळहातावर घेऊन डोळे मिटून प्यायचे. उरलेलं मीसुद्धा लहानपणी हट्टाने चाटलंय. तेव्हा माझ्या पोटाने हूं की चूं केलं नव्हतं. मग धुऊन, वाळवून, दळून, तव्यावर भाजलेल्या ज्वारीचं नुसतं वर्णन वाचून ते का उलटलं? घसा कशावर आवळायचा आणि कशावर नाही, हे त्याला कुणीतरी शिकवलेलं असतं. माझ्या घशाला माझ्या घराने शिकवलं होतं.

आमच्याकडे शेणगोठ्याला एक बाई यायच्या. माझ्या दुपटीहून मोठ्या, पण मी त्यांना ‘अगं’ म्हणायची. त्यांचा कप गोठ्याच्या भिंतीतल्या कोनाड्यात पालथा असायचा. चिनीमातीचा, कान तुटलेला, कडेला निळी वेल. आई चहाचं पातेलं घेऊन पडवीच्या पायरीवर उभी राहायची आणि वरून ओतायची, हात उंच धरून, पातेलं कपाला लागू नये म्हणून. बारीक लांब धार. आईचा नेम कधी चुकला नाही. चहा झाला की त्या स्वतः कप विसळून पुन्हा पालथा घालायच्या. वीस वर्षं मी हे रोज पाहत होते आणि एकदाही मला मळमळलं नव्हतं.

त्या पुस्तकानंतर आठ-दहा दिवसांनी आई गावाला गेली. मी शहाणी, घरातला चांगला कप काढला, चहा भरला आणि त्यांच्यापुढे धरला. त्यांनी हात मागे घेतला. “माझा कुठाय?” म्हणाल्या. मी म्हटलं, हा घ्या की. त्या काही बोलल्या नाहीत, पदराला हात पुसत उभ्या राहिल्या. चहावर साय धरली. शेवटी त्यांनीच कोनाड्यातून आपला कप काढला आणि पुढे केला. मी माझ्या कपातला चहा त्यात ओतला. ओततानाच लक्षात आलं की माझा हात उंच गेलाय. आईसारखाच. बारीक लांब धार.

मी मराठी शिकवलं एकतीस वर्षं. हे वर्गात कधी सांगितलं नाही, धीर झाला नाही. दलित आत्मकथनांवरच्या नोट्स मात्र छान काढायची. ‘वास्तवाचे दाहक चित्रण’ हे मीच फळ्यावर लिहायची आणि पोरं तेच पेपरात उतरवायची. त्या तीन शब्दांवर कुणाच्या पोटात काय ढवळणार?

म्हणून तुझा मेसेज वाचून मला खरं तर बरं वाटलं. तू पेपरातलं वाक्य पाठवलं नाहीस, बेसिनची गोष्ट पाठवलीस. पण ओकारी आली म्हणजे वाचन झालं असंही समजू नकोस. आजकाल ‘अंगावर आलं, दोन दिवस झोप नाही’ असं लिहिलं की चार लोक वाहवा करतात आणि माणूस दुसऱ्या पुस्तकाकडे जातो. तू जाऊ नकोस. जेवणाच्या ताटाशी वाचू नकोस हे खरं, ते कुठलंच पुस्तक वाचू नये. पानावर आमटी सांडते आणि दोन्हींची चव जाते. सकाळी वाच, दिवसाच्या उजेडात. जिथून पळालास त्याच्या दोन पानं आधीपासून सुरू कर. पोट पुन्हा ढवळलं तर थांब, घोटभर पाणी पी, खिडकीत जा, पण पुस्तकात बोट घालून ठेव. आणि कशाने ढवळलं तो शब्द पेन्सिलने बाजूला लिही. वासाने? त्या पोराने मागितलं म्हणून? की ती शांतपणे खातेय म्हणून? माझ्या प्रतीच्या समासात एकाच पानावर तीन वेगवेगळ्या वर्षांच्या तीन खुणा आहेत आणि तिन्ही वेगळ्या शब्दांपाशी.

हसणाऱ्या पोरांवर रागावू नकोस. त्यातल्या एखाद्याच्या घरी संतामाय असेल आणि तो वेगळ्याच कारणाने हसला असेल. तुला ठाऊक नाही, मलाही नाही.

पुस्तक संपलं की लिही. फोन नको, लिहीच.

तुझ्या,
बाई

ता. क. : ताट तसंच टाकून उठलास म्हणतोस. ते उचललं कुणी?